इथे दुसरे काय लिहिता आले असते?

एका वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"स.न.वि.वि. गेली सहा वर्षे मी कथा लिहिण्याचा प्रयत्न करत आहे. आतापर्यंत अकरा कथा पूर्ण झाल्या आणि अकराही साभार परत आल्या. कथालेखन शिकायचे तर गाजलेल्या कथांचा अभ्यास करा, असे सगळे जाणकार सांगतात. म्हणून वर्षभरात मी पारितोषिके मिळालेल्या आणि नावाजलेल्या चाळीसेक कथा वाचल्या, सुरुवात कशी, संघर्ष कोणता, कलाटणी कुठे, शेवट कसा, याचे प्रत्येकीचे तक्ते केले आणि त्यांच्या आधारे अकरावी कथा लिहिली. ती परत करताना संपादकांनी एकच ओळ लिहिली: रचना आहे, पण जीव नाही. माझे कुठे चुकते? यशस्वी कथांच्या अभ्यासाने खरोखर काही शिकता येते का? अशा अभ्यासाने माझा स्वतःचा आवाज हरवेल आणि वाचनाचा आनंदही जाईल, अशी भीती वाटते. ती खरी आहे का? अकरावी कथा आणि काही तक्ते सोबत जोडले आहेत."

सप्रेम नमस्कार.

तुमची कथा मी दोनदा वाचली आणि सोबतचे तक्तेही बारकाईने पाहिले. मुख्य प्रश्नाचे उत्तर आधीच देते: चांगल्या कथांच्या अभ्यासाने कथालेखन शिकता येते, आणि माझ्या मते ते शिकण्याचा याहून भरवशाचा दुसरा मार्ग नाही. मात्र तुम्ही घेतलेल्या कष्टांत एक मूलभूत गोष्ट राहून गेली आहे. तुमच्या तक्त्यांत कथेच्या प्रत्येक जागी काय आहे याची नोंद आहे, पण त्या जागी दुसरे काय येऊ शकले असते आणि लेखकाने ते का टाळले असावे, याची नोंद कुठेही नाही. छापून आलेली कथा वाचताना तिच्यातली प्रत्येक गोष्ट जणू तशीच घडणार होती असे वाटते, आणि वाचकाला तसे वाटणे हे लेखकाचे यशच असते. पण लिहायला बसलेल्या माणसापुढे प्रत्येक वाक्यानंतर चार वाटा फुटलेल्या असतात, त्यांतल्या तीन तो सोडून देतो आणि सोडलेल्या वाटांचा मागमूसही पानावर उरत नाही. कथाकाराचे कसब पुष्कळसे त्या सोडून देण्यात असते. म्हणून शिकणाऱ्याने वाचताना जागोजागी थांबून स्वतःला विचारावे: इथे दुसरे काय लिहिता आले असते?

कथांच्या निवडीबद्दल थोडक्यात सांगते. 'यशस्वी' या शब्दावर फार विसंबू नका. पारितोषिक मिळालेली कथा त्या वर्षी काही परीक्षकांना आवडली, एवढेच त्या पारितोषिकावरून कळते. तुमच्या उपयोगाची कथा ती, जी वाचून कित्येक महिने लोटले तरी तुमच्या मनातून गेलेली नाही, कारण तिने काय परिणाम केला याचा पुरावा तुमच्या स्वतःजवळ असतो. शिवाय चाळीस कथा फार झाल्या. वर्षाला तीन-चार पुरेत, मात्र त्यांतली प्रत्येक दहा-बारा वेळा वाचलेली असावी. अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो यांनी १८४२ साली नॅथॅनिएल हॉथॉर्न यांच्या कथांवर लिहिताना असा मुद्दा मांडला होता की अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंतच्या अवधीत कथा वाचून होते, म्हणून तिचा परिणाम एकसंध राहतो. त्यांनी तो वाचकाच्या दृष्टीने मांडला असला तरी शिकणाऱ्यालाही तो लागू पडतो, कारण कादंबरी एकदम डोक्यात मावत नाही आणि कथा मावते. तिचे पहिले आणि शेवटचे वाक्य एकाच वेळी नजरेसमोर धरता येते.

आता हे एका कथेवर प्रत्यक्ष करून पाहू. फ्रेंच कथाकार गी द मोपासाँ यांची १८८४ साली प्रसिद्ध झालेली 'ला पारूर', म्हणजे हिऱ्यांच्या हाराची गोष्ट, तुमच्या तक्त्यांत आहे, म्हणून तीच घेते. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचे कथानक असे: एका कारकुनाची देखणी, असमाधानी बायको मातिल्द एका समारंभासाठी श्रीमंत मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार मागून आणते, परत येताना तो हरवतो, नवरा-बायको छत्तीस हजार फ्रँकला तसाच दुसरा हार विकत घेऊन मैत्रिणीला न सांगता परत करतात आणि त्या कर्जापायी दहा वर्षे राबतात, शेवटी मैत्रीण सांगते की तिचा हार खोटा होता, फार तर पाचशे फ्रँक किमतीचा. तुमच्या तक्त्यात या कथेपुढे 'शेवटच्या वाक्यात कलाटणी' एवढी नोंद आहे, आणि तुमच्या अकराव्या कथेत शेवटच्या परिच्छेदात कलाटणी आली आहे. मोपासाँची कलाटणी काम करते आणि तुमची करत नाही, याचे कारण शेवटच्या वाक्यात सापडणार नाही. त्यासाठी मागे जायला हवे.

हार खोटा असल्याचे मोपासाँनी वाचकाला आधीच तीनदा सांगितले आहे. मातिल्द हार मागते तेव्हा मैत्रीण क्षणाचाही विचार न करता देऊन टाकते. हार हरवल्यावर ते दोघे डबीवर नाव असलेल्या जवाहिऱ्याकडे जातात, तर तो सांगतो की हा हार मी विकलेला नाही, मी फक्त डबी दिली असणार. आणि नवा हार परत करताना मैत्रीण डबी उघडूनही पाहत नाही. या तिन्ही गोष्टी उघड्यावर आहेत, तरी पहिल्या वाचनात त्या आपल्याला सूचना वाटत नाहीत, कारण प्रत्येकीला त्या क्षणी दुसरे काम दिलेले आहे. मैत्रिणीची तत्परता तिची उदारता दाखवते, जवाहिऱ्याचे उत्तर शोधातला एक अडथळा म्हणून येते, आणि न उघडलेली डबी पाहून आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, कारण बदललेला हार ओळखला जाईल या मातिल्दच्या भीतीत आपण तोवर सहभागी झालेलो असतो. माझ्या दृष्टीने या कथेतला सर्वांत मोलाचा धडा हाच आहे. सूचना लपवायची असेल तर तिला अंधारात ठेवायचे नसते, तिला दुसऱ्या कामाला लावायचे असते. आता आपला प्रश्न विचारा: डबी न उघडण्याच्या जागी दुसरे काय लिहिता आले असते? मैत्रिणीने डबी उघडून हार पाहिला असता आणि तिला फरक कळला नसता, असेही लिहिता आले असते; पण मग शेवटी वाचकाने विचारले असते की खऱ्या आणि खोट्या हिऱ्यांतला फरक हाराच्या मालकिणीला कसा ओळखू आला नाही, आणि सगळी इमारत डळमळली असती.

याच कथेत आणखी एक पाहण्यासारखी गोष्ट आहे, आणि ती तुमच्या संपादकांच्या शेऱ्याशी अधिक जवळची आहे. समारंभ संपल्यावर नवरा मातिल्दच्या खांद्यांवर तिचे रोजचे साधे कपडे टाकतो. इतर स्त्रिया उंची फरचे कोट घालत असताना आपले हे कपडे कोणाला दिसू नयेत म्हणून ती पळू पाहते. नवरा म्हणतो, थांब, बाहेर थंडी बाधेल, मी गाडी बोलावतो. पण ती ऐकत नाही आणि घाईने जिना उतरते. हार नेमका कुठे पडला हे कथेत कधीच सांगितलेले नाही, पण ही घाई आपल्या मनात राहते. दुसरे काय लिहिता आले असते? चोर आणता आला असता, गर्दी आणता आली असती, हाराची कडी आधीपासूनच सैल असल्याचे सांगता आले असते. मोपासाँनी ते काहीही केले नाही. हार जाण्याआधी त्यांनी जी गडबड उडवून दिली, ती मातिल्दच्या लाजेतून निघालेली आहे, आणि ती लाज पहिल्या परिच्छेदापासून कथेत आहे. त्यानंतर नवरा तिला सुचवतो की मैत्रिणीला कळव, हाराची कडी तुटली आहे आणि ती दुरुस्तीला दिली आहे. खरे सांगितले असते तर कथा तिथेच मिटली असती. खरे सांगता येण्याजोग्या प्रत्येक जागेवर पेन्सिलीने खूण करून पाहा. तिथे तिथे पात्राचा स्वभाव वाटेत उभा असल्याचे दिसेल. संपादक ज्याला जीव म्हणतात तो मला बहुतेक वेळा याच ठिकाणी सापडला आहे: घटना पुढे सरकते ती लेखकाच्या सोयीमुळे की पात्राच्या स्वभावामुळे, या प्रश्नाच्या उत्तरात.

दुसरे काय लिहिता आले असते, याचे उत्तर आपल्याला एरवी कल्पनेने द्यावे लागते. पण काही वेळा लेखकच ते देऊन ठेवतो. मोपासाँची 'ल ओर्ला' ही कथा त्यांनी स्वतः दोनदा लिहिली, एकदा १८८६ साली आणि पुन्हा १८८७ साली. दोन्हींचा विषय एकच आहे: एका माणसाला खात्री पटत जाते की कोणी अदृश्य जीव आपल्या घरात वावरतो आहे आणि हळूहळू आपल्या मनाचा ताबा घेतो आहे. पहिल्या लेखनात एक मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर काही सहकाऱ्यांना आणि शास्त्रज्ञांना बोलावतो, आपल्या रुग्णाला त्यांच्यापुढे आणतो आणि तो रुग्ण घडलेली हकीकत सांगतो. शेवटी डॉक्टर कबूल करतो की हा माणूस वेडा आहे, की आम्ही दोघेही, की खरोखरच मनुष्यजातीचा उत्तराधिकारी येऊन पोहोचला आहे, हे मला ठरवता येत नाही. दुसऱ्या लेखनात डॉक्टर नाहीत, सभा नाही, फक्त त्या माणसाची रोजनिशी आहे.

हे दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचा. माझ्या माहितीत निवेदनाचा कोन शिकवणारा याहून चांगला पाठ्यग्रंथ नाही. पहिल्या पाठात रुग्ण आपल्यासमोर उभा आहे, म्हणजे तो जे सांगतो आहे त्यातून तो वाचला आहे; त्यामुळे पुढे काय होणार याची भीती कमी होते आणि याच्यावर विश्वास ठेवायचा का, हा प्रश्न मोठा होतो. रोजनिशीत लिहिणाऱ्याला उद्याचे काहीच माहीत नसते, म्हणून वाचकालाही नसते. एका नोंदीतला निवांतपणा आणि पुढच्या नोंदीतला हादरा यांच्यामध्ये रिकामी पडलेली तारखांची जागासुद्धा बोलू लागते. आणि यात काय गमावले, हेही नीट पाहिले पाहिजे. डॉक्टरच्या तोंडी येणारी ती शंका मोठी मोलाची होती, कारण एक जबाबदार, शहाणा माणूस रुग्णाच्या बाजूने उभा राहत होता. रोजनिशीत त्या वहीबाहेर कोणीही साक्षीदार उरत नाही. त्या बदल्यात मोपासाँना असा शेवट मिळाला जो पहिल्या रचनेत शक्यच नव्हता: तो माणूस अदृश्य जीवाला संपवण्यासाठी स्वतःचे घर पेटवून देतो, नोकर आत आहेत हे विसरतो, आणि अखेरीस आता आपल्याला स्वतःचाच जीव घ्यावा लागेल या निष्कर्षापर्यंत येतो. डॉक्टरांच्या सभेत शांतपणे बोलणाऱ्या माणसाला या टोकाला नेता आले नसते. लेखकाने एक निर्णय बदलला की त्याच्यामागून दहा निर्णय कसे बदलावे लागतात, हे इथे डोळ्यांनी पाहता येते, आणि कोणत्याही निर्णयाची किंमत मोजावी लागते हेही.

क्रमाचा विचार शिकायचा असेल तर रशियन कथाकार अंतोन चेखव यांची १८८६ सालची 'तोस्का' घ्या. योना नावाच्या म्हाताऱ्या गाडीवानाचा मुलगा नुकताच वारला आहे आणि तो हे दुःख कोणाला तरी सांगू पाहतो. एक लष्करी अधिकारी, तीन उनाड तरुण, एक दरवान आणि एक तरुण गाडीवान यांच्यापैकी कोणीही ते ऐकून घेत नाही. अखेर तो आपल्या घोडीला सगळे सांगतो. तुमच्या तक्त्यात 'तोच प्रसंग पुन्हा पुन्हा, दरवेळी नकार' अशी नोंद आहे, आणि ती चूक नाही. पण नकारांचा क्रम पाहा. सर्वांत जास्त आस्था पहिलाच माणूस दाखवतो: मुलगा कशाने गेला, असे तो अधिकारी निदान विचारतो तरी. नंतर त्याचे डोळे मिटतात आणि ती संधी हातची जाते. आपल्यापैकी बहुतेकांनी हा आशेचा प्रसंग शेवटी ठेवला असता, निराशा वाढवत नेऊन मग थोडा उजेड दाखवला असता. चेखवनी आशा सुरुवातीलाच दाखवली, त्यामुळे पुढच्या प्रत्येक भेटीत कोणीतरी पुन्हा तसे विचारील, या अपेक्षेने आपण योनाबरोबर वाट पाहतो आणि कोणीच विचारत नाही. हा क्रम कागदावर उलटा करून बघा. दहा मिनिटांत जे कळेल ते मी चार पानांतही सांगू शकणार नाही.

प्रत्यक्ष सरावाची जी पद्धत मला सर्वांत उपयोगी पडली ती स्मरणाची आहे. कथा वाचून झाली की आठ-दहा दिवस जाऊ द्या आणि मग ती पुन्हा न उघडता, जेवढी आठवते तेवढी दोन पानांत लिहून काढा. त्यानंतर मूळ कथेशी ताडून पाहा. तुमच्या आठवणीत जे लांबलचक असते ते मूळात कित्येकदा चार ओळींचे निघते, आणि जे मूळात दोन पाने व्यापून बसलेले असते त्याचा तुम्हाला पत्ताही नसतो. हाराच्या गोष्टीतली कष्टांची दहा वर्षे बहुतेक वाचकांना कथेचा मोठा भाग म्हणून आठवतात. प्रत्यक्षात ती काही छोट्या परिच्छेदांत संपतात, तर समारंभाची तयारी, हाराची निवड, ती एक रात्र आणि पहाटेचा परतीचा रस्ता यांना कितीतरी अधिक जागा मिळालेली आहे. तेव्हा त्या थोड्या ओळींनी दहा वर्षांचा भार कसा पेलला, कोणती कामे नेमकी नाव घेऊन सांगितली आणि कोणती गाळली, हे शोधायला तुम्ही आपोआपच त्या परिच्छेदांकडे परत जाता, आणि आता तुम्ही ज्या नजरेने ते वाचता ती वाचकाची नजर राहिलेली नसते.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या आत्मचरित्रात असाच एक सराव सांगितला आहे. तरुणपणी त्यांच्या हाती 'स्पेक्टेटर' या नियतकालिकाचा एक सुटा खंड लागला. त्यातल्या निबंधांच्या प्रत्येक वाक्यातल्या आशयाचे ते त्रोटक टिपण करत, काही दिवस ते बाजूला ठेवत, मग त्या टिपणांवरून निबंध पुन्हा आपल्या शब्दांत उभा करत आणि मूळाशी ताडून आपल्या चुका दुरुस्त करत. कधी ते टिपणांचा क्रम मुद्दाम विस्कटून टाकत आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा लावून पाहत. ते निबंध होते, कथा नव्हत्या, पण क्रम विस्कटून लावण्याचा सराव कथेला तर अधिकच लागू पडतो. तुम्ही तक्ते करण्याची मेहनत आधीच घेतली आहे. त्यातला एक तक्ता घ्या, प्रसंग सुट्या चिठ्ठ्यांवर लिहा, मिसळा आणि महिन्याभराने लावा. मूळापेक्षा वेगळा लागला तर लगेच स्वतःला चूक ठरवू नका. क्वचित एखाद्या बारीकशा ठिकाणी आपले लेखन मूळाहून सरस झाले आहे असे फ्रँकलिन यांनाही वाटे, आणि त्यांना त्यातून धीर येई.

इथपर्यंत मी ज्या कथांची नावे घेतली त्या परभाषांतल्या आहेत, आणि रचना शिकण्यासाठी अनुवाद पुरतो. वाक्य मात्र अनुवादातून शिकता येत नाही. ते मूळ मराठीतच शिकले पाहिजे, आणि तुमच्या कथेतली मोठी उणीव मला वाक्याच्या पातळीवरच दिसली, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. मराठी क्रियापदात कथाकारासाठी एक फार सुंदर सोय आहे. 'ती रोज खिडकीशी बसे, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाही' असे लिहिले की दिवसांमागून दिवस एका वाक्यात जातात. 'त्या दिवशी ती खिडकीशी बसली' असे लिहिले की काळ एकदम थांबतो आणि प्रसंग सुरू होतो. रीतिभूतकाळातून साध्या भूतकाळात येण्याची ही जागा कोणत्याही चांगल्या मराठी कथेत शोधा आणि तिच्यावर खूण करा. बहुतेक वेळा कथा खऱ्या अर्थाने तिथेच सुरू झालेली आढळेल. तुमची कथा सात दिवसांत घडते आणि त्या सातही दिवसांत सगळ्या कृतींची क्रियापदे साध्या भूतकाळात आहेत: तो आला, तो बसला, त्याने कपाट उघडले, त्याने पाणी प्यायले. त्यामुळे कपाट उघडणे आणि पाणी पिणे यांचे वजन सारखेच झाले आहे आणि कशाकडे लक्ष द्यावे हे वाचकाला कळत नाही. दुसरे असे की मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, म्हणून वाक्याचा भार शेवटच्या दोन-तीन शब्दांवर पडतो, आणि तिथे सारखे 'होते', 'होता', 'होती' येत राहिले तर प्रत्येक वाक्य एकाच ठिकाणी मान टाकते. तुमच्या पहिल्या पानावरच्या एकवीस वाक्यांपैकी चौदा अशी संपतात. व्यंकटेश माडगूळकरांची एक कथा आणि जी. ए. कुलकर्णींची एक कथा घ्या आणि त्यांची दोन-दोन पाने हाताने उतरवून काढा. माडगूळकरांचे वाक्य आखूड आणि मोकळे असते, जी. एं.चे प्रतिमांनी जडावलेले आणि लांब. दोघांपैकी कोणासारखे लिहायचे हा प्रश्नच नाही. पण हाताने उतरवताना वाक्य कुठे संपवण्याचा मोह तुम्हाला झाला आणि लेखकाने ते कुठे संपवले, यातला फरक बोटांना जाणवतो, आणि तो नुसत्या वाचनात जाणवत नाही.

तुमच्या भीतीविषयी. लहानपणी आपण सगळ्यांनी एकच अक्षरे गिरवली, तरी कोणाचेही हस्ताक्षर दुसऱ्यासारखे झाले नाही. गिरवण्याने आवाज हरवत नाही, मात्र गिरवलेले पान स्वतःचे म्हणून पुढे करू नये. सराव वहीत राहू द्या. मराठीत तंत्र या शब्दाला थोडा बट्टा लागलेला आहे, हेही मला माहीत आहे. ना. सी. फडके यांनी तंत्राचा आग्रहाने पुरस्कार केला, पुढे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर या नवकथाकारांनी ठरीव कथानकाची चौकट मोडली, आणि तेव्हापासून तंत्र म्हणजे साचा, असे अनेकांच्या मनात बसले आहे. पण साचा म्हणजे आधीच ठरलेले उत्तर, आणि मी तुम्हाला सुचवते आहे तो प्रश्न विचारण्याचा अभ्यास आहे. चौकट मोडायची असली तरी ती कुठे जोडलेली आहे हे आधी पाहावे लागते. आनंदाबद्दल मात्र मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. असा अभ्यास सुरू केल्यावर पहिले सात-आठ महिने मला कोणतीही कथा निर्भेळपणे वाचता आली नाही. प्रत्येक ठिकाणी शिवण दिसायची आणि त्याचे फार वाईट वाटायचे. त्यानंतर हळूहळू असे झाले की शिवण दिसूनही डोळ्यांत पाणी येऊ लागले. पहिले वाचन नेहमी हातात पेन्सिल न घेता करायचे, एवढा नियम मी तेव्हापासून पाळत आले आहे आणि तुम्हीही पाळावा.

आता तुमची अकरावी कथा. वडिलांच्या मृत्यूनंतर दोन भाऊ सात दिवस त्यांच्या घरात राहून सामानाची वाटणी करतात आणि शेवटी धाकट्याला एक पत्र सापडते, ज्यातून थोरल्याने केलेला त्याग उघड होतो. विषय चांगला आहे आणि दोघा भावांमधला अबोला तुम्हाला मनापासून कळलेला आहे, हे तिसऱ्या दिवसाच्या प्रसंगात स्पष्ट दिसते. पण ते पत्र शेवटच्या परिच्छेदाआधी कथेत कुठेही नाही. त्याला दुसरे काही काम द्या. ते पहिल्याच दिवशी समोर येऊ द्या, कशाच्या तरी घडीत, कशाची तरी खूण म्हणून, किंवा डळमळत्या टेबलाच्या पायाखाली, आणि कोणीतरी ते उचलून तसेच परत ठेवू द्या. नंतर चौथ्या दिवसाकडे जा. तिथे थोरला भाऊ दारात उभा आहे, धाकटा जुन्या वह्या चाळतो आहे आणि तो थोरल्याला सरळ विचारू शकतो की तू तेव्हा शिक्षण का सोडलेस. तुम्ही त्याला विचारू दिलेले नाही, हे योग्यच आहे, पण तो का विचारत नाही हे तुम्ही ठरवलेले नाही. तुम्हाला शेवटासाठी ते गुपित राखायचे होते म्हणून तो गप्प बसला आहे. त्याच्या गप्प बसण्याचे त्याचे स्वतःचे कारण शोधा. अभिमान असेल, उत्तराची धास्ती असेल, किंवा उत्तर त्याला आधीपासूनच माहीत असेल. तिसरी शक्यता खरी असेल, तर पत्राची गरज उरते का, याचाही विचार करा. कदाचित तुमचा शेवट तिथेच, त्या दारात आहे.

हे सगळे ठरल्यावर जुना खर्डा समोर न ठेवता कथा पहिल्या वाक्यापासून नव्याने लिहा आणि दोन महिन्यांनी मला पाठवा. जुना खर्डा फाडू नका, तोही सोबत जोडा, म्हणजे 'ल ओर्ला'सारखे दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतील.